बाबांच्या उंचीची सीट

मित्रांनो, सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाला खेटून, एक काळी सायकल उभी असते. ती मी. बावीस इंची, सळईच्या ब्रेकची, मागे भक्कम कॅरिअर असलेली. माझ्या जातीच्या सायकली एके काळी इतक्या होत्या की आमच्याकडे कोणी वळून पाहत नसे. आता लोक थांबतात, काही जण फोटोही काढतात. त्यावरून मला कळलं की मी म्हातारी झाले.

माझा सांगाडा पंजाबात घडला म्हणे. मला ते आठवत नाही. माझी आठवण पुसदच्या एका दुकानापासून सुरू होते. तिथे माझी चाकं एका खोक्यातून आली, मडगार्ड पोत्यातून आले आणि एका कारागिराने दोन दिवस बसून मला जोडलं. तो प्रत्येक स्पोक बोटाने वाजवून पाही. एखादा बेसूर वाटला की पुन्हा आवळी. इतक्या लक्षपूर्वक आपल्याला कोणी ऐकतं आहे, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

मला न्यायला आले ते दशरथराव. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते आणि नुकतेच कायम झाले होते. पुढे त्यांच्या मुलीकडून ऐकून ऐकून मीही त्यांना बाबा म्हणू लागले, म्हणून इथेही तसंच म्हणते. बाबा सहा फूट उंच. त्यांना चोवीस इंची सायकल हवी होती. दुकानात ती नव्हती आणि दिवाळीपर्यंत येणार नव्हती. पण आदल्या आठवड्यात वादळाने गावातले खांब आडवे केले होते, त्यामुळे थांबायला त्यांना वेळ नव्हता. कारागिराने माझ्या सीटची नळी नेहमीपेक्षा चार बोटं वर ओढली, बोल्ट आवळला आणि बजावलं की याच्यावर नेली तर नळीच हातात येईल. बाबा बसले. पाय बरोबर पोचले. अशी मी त्यांची झाले. मापाने मी त्यांना कायमच थोडी लहान होते, पण त्यांनी तसं कधी जाणवू दिलं नाही.

ती वर्षं कामाची होती. माझ्या हँडलला तारेचं भेंडोळं, कॅरिअरला हत्यारांची पिशवी आणि बाबांच्या खांद्यावर बांबूची शिडी. एका हाताने शिडी सांभाळायची आणि एका हाताने मला. फोन बंद पडला की माणसं रागावत. सुरू झाला की चहा देत. दुरुस्ती झाल्यावर बाबा खांबावरूनच त्या घरी फोन लावत आणि म्हणत, “हॅलो, मी तुमच्या खांबावरून बोलून राह्यलो.” मग घरातली माणसं अंगणात येऊन वर पाहत आणि हात हलवत. मी खाली खांबाला टेकून उभी असे. माझ्याकडे कोणी हात हलवत नसे, पण मला वाटे की यात थोडा माझाही वाटा आहे.

दरवर्षी खंडेनवमीला बाबा मला अंगणात घेत. पक्कड, पाना, शिडी आणि मी, अशी त्यांची पूजा असे. झेंडूची माळ घालण्याआधी ते माझ्या सीटची नळी पूर्ण बाहेर काढत, घासलेटाच्या फडक्याने पुसत, ग्रीस लावत आणि पुन्हा होती तिथे बसवत. शेजारचे लोक विचारत, चाकाला तेल घाला, चेनला घाला, नळीला कशाला? बाबा सांगत की नळी गंजून आत धरून बसली तर मग जन्मात निघत नाही.

तनुजा त्यांची एकुलती एक मुलगी. तिला सायकल शिकवली ती माझ्यावरच. दांडीवरून पाय टाकायची उंची नव्हती, म्हणून दांडीखालून पाय घालून, अर्धे अर्धे पायडल मारत ती शिकली. बाबा कॅरिअर धरून मागून धावत. पडायची वेळ आली की तिला जमिनीवर पाय टेकवावासा वाटे. ते ओरडत, “पाय नोको टेकवू. मी हाव ना मांगं.” एका संध्याकाळी ते मागे नव्हते. कॅरिअर सोडून ते वळणावरच थांबले होते. ते फक्त मला ठाऊक होतं. ती पाय न टेकवता शाळेपर्यंत गेली.

आणि एक गोष्ट बाबा नेहमी सांगत. तरुणपणी प्रशिक्षणासाठी ते तीन महिने पुण्याला राहिले होते. तिथे ते तासावर सायकल भाड्याने घेत. सिग्नलला थांबलं की पुढे सायकली, मागे सायकली, बायाही सायकलवर आणि म्हातारेही सायकलवर. एका रविवारी ते कात्रजचा घाट चढून जुन्या बोगद्यापर्यंत गेले. त्या बोगद्यात घंटी वाजवली की तिचा आवाज असा परत येतो, जणू पलीकडून कोणीतरी आधीच वाजवली होती. तनुजा विचारे, खरंच? ते म्हणत, तू मोठी झाली की आपण दोघं जाऊ. मी भाड्याची घेतो, तू ही घे.

ते जाणं झालं नाही. गावात मोबाइल आले आणि एकेका घरातून फोनची तार निघाली. जी तार बाबांनी चढवली होती, ती उतरवायलाही तेच गेले. मग ते निवृत्त झाले. भाजी आणायला, वाचनालयात जायला मी होतेच, पण फेऱ्या कमी झाल्या. त्या सुमाराची एक सकाळ मी कोणाला सांगितलेली नाही. अंगणात कोणी नाही असं पाहून बाबांनी पाना काढला, माझी सीट एक बोट खाली घेतली आणि पाना पटकन जागेवर ठेवून दिला. मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. उतरताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. घरात ते काही बोलले नाहीत. एक बोट कोणाच्या लक्षात येतं?

नंतरची दोन वर्षं मी भिंतीला टेकून होते. माझ्यावर आधी चादर आली, मग धूळ. तरी खंडेनवमीला ती चादर निघत असे. गेल्या फेब्रुवारीत बाबा गेले. मित्रांनो, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्या दिवशी अंगणात पुष्कळ चपला होत्या आणि माझ्या हँडलला कोणीतरी ओला टॉवेल अडकवला होता, एवढंच मी पाहिलं.

जूनमध्ये तनुजाला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. तिने दोन खोकी पुस्तकं घेतली आणि मला घेतलं. ट्रॅव्हल्सच्या टपावर मला चढवताना तिथला माणूस म्हणाला की सीट काढून देतो, जागा कमी लागेल. तिने नाही म्हटलं. तो म्हणाला, निदान खाली तरी करू द्या. ती म्हणाली, सीटला हात लावायचा नाही. त्याने खांदे उडवले आणि मला तशीच बांधली. त्या वेळी मला वाटलं की ही प्रवासापुरती काळजी आहे.

तसं नव्हतं. पुण्यात पहिल्या दिवशी ती माझ्यावर बसली तेव्हा मला कळलं. तनुजा आईच्या वळणावर गेली आहे, उंचीने बेताची. बाबांच्या सीटवरून तिचा पाय पायडलला धड पोचत नव्हता. दर फेऱ्याला ती कधी डावीकडे कलायची, कधी उजवीकडे. थांबायचं झालं की आधी फुटपाथची कड शोधायची. एक पाना घेऊन हे दोन मिनिटांत सुटलं असतं. पण तिने पाना घेतला नाही आणि मला बोलता येत नाही.

आम्ही दोघी सायकली शोधत निघालो. सायकलींचा मार्ग म्हणून फुटपाथशेजारी एक पट्टा आखलेला दिसला. त्यावर स्कूटर उभ्या होत्या, एक भेळेची गाडी होती आणि वाढदिवसाचा एक मोठा फलक होता. पहिल्या सकाळी आम्ही मोजल्या तेव्हा सात सायकली भरल्या. तीन पेपरवाल्यांच्या, एक दूधवाल्याची, दोन रखवालदारांच्या आणि सातवी मी. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तर तनुजा पडलीच. दिवा अचानक लाल झाला, टेकवायला कड नव्हती, आणि आम्ही दोघी शेजारच्या रिक्षावर कललो. तिचं कोपर खरचटलं. रिक्षावाल्याने आम्हाला सरळ केलं आणि म्हणाला, “ताई, उतरायची जागा आधी बघून मग बसत जा.”

मग तिने मोबाइलवर एक मोठा सायकल क्लब शोधला. एका पहाटे आम्ही तिथे गेलो. चाळीस जण होते, रंगीत घट्ट कपडे, हेल्मेट, बारीक टायरच्या सायकली. माणसं चांगली होती. कोणी हसलं नाही. एकाने माझं वजन विचारलं, एकाने तिचा वेग विचारला. शिट्टी वाजली आणि पाच मिनिटांत ती सगळी दिसेनाशी झाली. आम्ही रिकाम्या रस्त्यावर उभ्या राहिलो. तनुजाने माझी घंटी एकदा वाजवली. मग आम्ही परत फिरलो.

परतताना माझं मागचं चाक पंक्चर झालं. हे मी मुद्दाम केलं असं कोणी म्हणेल, पण तसं नाही. ती मला ढकलत चालली होती आणि पेठेतल्या एका बोळात तिला एक पाटी दिसली. “पंक्चर काढून मिळेल. चौकशीचे उत्तर मिळेलच असे नाही.” खाली खडूने लिहिलं होतं, “रविवारी पहाटे साडेपाचला सायकलीने फेरी. उशीर करणाऱ्यांनी घरीच चहा घ्यावा.”

ते दुकान बद्रीनाथ यांचं. वय सत्तरीच्या आसपास, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. त्यांनी मला पाहिलं, मग सीटकडे, मग तनुजाकडे.

“सायकल कोणाची?”

“माझी.”

“बरं. आणि सीट?”

तिने सीटवर हात ठेवला.

“पंक्चर काढतो,” बद्रीनाथ म्हणाले. “माणसाची उंची वाढवून द्यायची सोय आमच्याकडे नाही.”

तनुजाला राग आला असावा. तरी तिने विचारलं की पुण्यात एवढ्या सायकली होत्या म्हणतात, त्या गेल्या कुठे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत ते म्हणाले की कुठे गेल्या नाहीत, गॅलरीत आहेत, त्यांच्यावर टॉवेल वाळतात. मग मान वर न करता त्यांनी सांगितलं की रविवारी यायचं तर या. तुमच्या सायकलला जुनी संगत मिळेल.

असे आम्हाला पुण्यातले सायकलवाले भेटले. दहाबारा जणांची मंडळी. त्यांतल्या आनंदीबाई निवृत्त नर्स, बहात्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्या सायकलने दवाखान्यात गेल्या. साडी अडकू नये म्हणून त्यांच्या मागच्या चाकाला अजून जाळी आहे. तनुजाने त्यांना बाबांच्या गोष्टीतल्या पुण्याबद्दल विचारलं, बाबांचं नाव मात्र काढलं नाही. आनंदीबाई म्हणाल्या की खरं आहे, पहाटेच्या पाळीला निघालं की सगळा रस्ता घंट्यांनीच जागा झालेला असे. ते ऐकून तनुजाची माझ्या हँडलवरची पकड सैल झाली. कोणीतरी साक्ष दिली होती.

दुसरा दिग्विजय. संगणकाच्या कंपनीत काम करणारा, तिशीतला, गुडघ्यांची आणि टाचांची फार काळजी वाहणारा. त्याची सायकल एका बोटावर उचलली जाते. मला तिचा थोडा हेवा वाटला, पण तिला स्टँड नाही. ती बिचारी कायम कोणाच्या तरी आधाराने उभी असते. बद्रीनाथ त्याला म्हणत, तुझी सायकल छान आहे, फक्त घरी ठेवून चालत येत जा. तो हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचा.

माझ्या सीटवरून पहिले दोन रविवार बोलणी झाली. कोणी म्हणालं शिडी देऊ का, कोणी म्हणालं वरून पर्वती दिसते का. तनुजा नुसती हसायची. हळूहळू चेष्टा थांबली. कारण विचारलं मात्र कोणी नाही. पेठेत असंच असतं, बोलून दाखवतात सगळे, विचारत कोणी नाही. रात्री ती गुडघ्याला मलम लावते हे मला माहीत होतं, कारण सकाळी माझ्या दांडीला त्याचा वास येई. ती कात्रजच्या रविवारची वाट पाहत होती. तिला त्या बोगद्यात घंटी वाजवायची होती आणि ती बाबांनी ठेवली तशाच सायकलवरून वाजवायची होती. तेवढं एक झालं की दोघांचं जाणं झालं, असं तिने मनाशी धरलं होतं. एकदा माझा पुढचा दिवा पुसता पुसता ती हे हळूच बोलून गेली, म्हणून मला ठाऊक.

तो रविवार श्रावण सरताना आला. स्वारगेट, सातारा रस्ता, कात्रजचा तलाव, असं करत आम्ही जुन्या घाटाच्या पायथ्याशी पोचलो. तिथे या मंडळींचा एक नियम आहे. घाट चढण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याची सायकल तपासायची, आपली नाही. ब्रेक पाहायचे, बोल्ट पाहायचे, जे चुकलं असेल ते नीट करून टाकायचं आणि त्याबद्दल बोलायचं नाही. हा नियम बद्रीनाथांचा. ते म्हणत, आपली सायकल आणि आपलं पोर, दोन्हींतली खोड शेजाऱ्याला आधी दिसते.

त्या दिवशी मी दिग्विजयच्या वाट्याला आले. तनुजा आनंदीबाईंबरोबर चहाच्या टपरीवर गेली होती. त्याने माझे ब्रेक पाहिले, चाकं फिरवली, चेनला तेल दिलं. मग सीटपाशी थांबला. उतारावर या बाईंचा पाय टेकला नाही आणि समोरून ट्रक आला तर काय, असं त्याच्या मनात आलं असणार. त्याने पाना लावला. बाबांनी दरवर्षी ग्रीस दिलेलं होतं, त्यामुळे नळी निमूटपणे खाली उतरली. मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं की मी गंजलेली असते तर बरं झालं असतं.

तनुजा परत आली. तिने दांडीवरून पाय टाकला आणि बसली. तिचा चवडा जमिनीला लागला.

“सीटला कोणी हात लावला?” तिने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

दिग्विजयने हात वर केला. “मी, मॅम. खूप हाय होती. उतारावर रिस्क आहे. मला वाटलं, तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल.”

ती उतरली. “ती माझ्या बाबांची उंची होती,” ती म्हणाली. “ते फेब्रुवारीत गेले.”

पुण्यात आल्यापासून हे तिने पहिल्यांदाच कोणासमोर उच्चारलं. दिग्विजयने हेल्मेट काढून हातात घेतलं. मग पाना उचलून माझ्याजवळ आला आणि परत वर करतो म्हणाला, पण त्याचा हात थांबला. किती वर होती, हे त्याने पाहून ठेवलं नव्हतं. त्याने तनुजाकडे पाहिलं. तिने बोटं धरून दाखवली. आधी तीन, मग चार, मग पुन्हा तीन. इतके दिवस जे तिने जिवापाड जपलं, ते तिने कधी मोजलंच नव्हतं. मोजायची वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने मला वळवलं. ती परत निघाली होती. बोगदा वर होता आणि आम्ही खाली तोंड करून उभ्या होतो.

“थांबा,” बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी दिग्विजयच्या हातून पाना घेतला. “दोष त्याचा नाही. नियम माझा आहे.”

त्यांनी बोल्ट सैल केला आणि सीट नळीसकट पूर्ण बाहेर काढली. फडक्याने पुसली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि उजेडात धरली.

“किती जुनी आहे?”

“सदतीस वर्षं.”

“आणि हाताने निघते. दरवर्षी ग्रीस दिलंय.”

“खंडेनवमीला,” तनुजा म्हणाली.

“शहाणा माणूस.” बद्रीनाथांच्या तोंडून असा शब्द कोणी ऐकला नव्हता. आनंदीबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “इथे बघा. बोल्टने जिथे धरलेलं असतं तिथे रेघ पडते. वर ऊन-पाऊस लागून काळवंडलंय, ही रेघ. इथपर्यंत आत घातली की तुमची सीट आली जागेवर. केसाचा फरक पडणार नाही. तुमच्या वडिलांची उंची पोलादावर उमटलीय. ती कोणाच्या पान्याने जात नाही.”

तनुजाने ती रेघ पाहिली. बद्रीनाथ नळी आत घालणार तेवढ्यात थांबले. पुन्हा उजेडात धरली.

“ही आणखी एक आहे,” ते म्हणाले. “हिच्याखाली, बोटभर. ही जुनी, चांगली खोल आहे. म्हणजे सीट आधी आणखी वर होती. मग खाली घेतली.”

“कोणी?”

“दुसरं कोण घेणार? त्यांनीच. गुडघे दुखले असतील. सगळ्यांचेच दुखतात.”

तनुजाने नळी हातात घेतली. अंगठा आधी एका रेघेवरून फिरवला, मग दुसरीवरून. दोन्हींच्या मधला बोटभर पट्टा मळकट होता, त्याखालचं पोलाद झळझळीत होतं.

“मला बोलले नाहीत,” ती म्हणाली.

“सीट खाली घेतली हे कोण सांगतं?” आनंदीबाई म्हणाल्या. “मी माझी दोनदा घेतलीय. आज पहिल्यांदा बोलतेय.”

“मला माहीत होतं,” बद्रीनाथ म्हणाले.

“तुम्हाला सगळंच माहीत असतं.”

तनुजा हसली. हसताना तिचे डोळे भरले होते, पण ती हसली. मी हे नीट सांगू शकत नाही, मित्रांनो. एवढंच सांगते की इतके महिने ती माझ्याशी अशी वागत होती की मी कोणाची तरी ठेव आहे. त्या क्षणी तिने माझ्या दांडीवर हात ठेवला तो सायकलवर ठेवतात तसा होता.

“पाना द्या,” ती म्हणाली.

तिने नळी माझ्यात घातली. जुनी रेघ आत गेली. मग दुसरी रेघ बोल्टापाशी आली. तिथे ती थांबली, क्षणभरच, आणि आणखी तीन बोटं खाली घेतली. बाबांच्या दोन्ही रेघा माझ्या आत उतरल्या. बोल्ट तिनेच आवळला. बद्रीनाथांनी बसून बघा म्हटलं. चवडा टेकला पाहिजे, टाच नाही. चवडा टेकला.

घाट आम्ही सगळा बसून चढलो असं नाही. दोन वळणं तिने मला ढकललं. दिग्विजय आपली हलकी सायकल हातात धरून शेजारून चालत होता आणि तिने विचारल्यावरून माझ्या घंटीला तेल कोणतं घालावं ते समजावत होता. त्याच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणूनच तिने ते विचारलं होतं. घंटीला तेल घालायची पद्धत तिला पाचव्या वर्षापासून येते.

बोगद्यापाशी मंडळी थांबली. तिला पुढे जाऊ दिलं. कारण तिने सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही. तिने घंटी वाजवली. त्याच वेळी एक टेम्पो आला आणि त्याच्या भोंग्यात ती बुडून गेली. टेम्पो गेला. धूर बसेपर्यंत ती थांबली. मग तिने पुन्हा वाजवली.

खरं सांगायचं तर परत आलेला आवाज बाबा सांगत तेवढा मोठा नव्हता. पण तो आला. पलीकडच्या उजेडाकडून, थोडा उशिरा, थोडा बारीक होऊन. तनुजा ऐकत होती. तिचा एक पाय पायडलवर होता आणि दुसरा जमिनीवर टेकलेला होता. लहानपणी जे करू नको म्हणून बाबा मागून ओरडत, तेच ती करत होती. मागून कोणी ओरडलं नाही. बाबांच्या रेघा माझ्या आत होत्या, बरोबर तिच्या खाली.

आता आम्ही दोघी रोज ग्रंथालयात जातो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला तो रिक्षावाला एकदा भेटला. तिने पाय टेकवलेला पाहून त्याने मान डोलावली. आमच्या इमारतीतल्या दोन गॅलरींतले टॉवेल हलले आणि त्याखालून दोन सायकली निघाल्या. एकीचा मालक घंटी कुठे मिळेल म्हणून तनुजाला विचारत होता. तिने त्याला पाटीवाल्या दुकानाचा पत्ता दिला आणि चौकशी जपून करा म्हणून सांगितलं. कात्रजच्या पायथ्याचा नियमही थोडा बदलला आहे. अजून दुसऱ्याचीच सायकल तपासतात, पण सैल असेल ते आवळतात, आणि उंच असेल त्याबद्दल आधी विचारतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाची तरी सायकल भिंतीला टेकून असेल. ती ज्यांची होती ते आता नसतील. तिला चादर घालून जपू नका. हवा भरा, चेनला तेल द्या, सीट आपल्या मापाची करा आणि तिच्यावरून कुठेतरी जा. आणि वर्षातून एकदा नळी पूर्ण बाहेर काढून पुसा, ग्रीस लावा. नाही तर ती आत धरून बसते.

या खंडेनवमीला तनुजाने तेच केलं. जिन्याखाली वर्तमानपत्र अंथरून ती बसली, शेजारी झेंडूची माळ होती. तिने नळी उजेडात धरली. एक रेघ खोल होती. एक तिच्यापेक्षा उथळ. त्यांच्या वर, तीन बोटांच्या अंतरावर, एक तिसरी उमटू लागली होती. ती अजून फिकट आहे.